आठ दिवसांचं दूध

आमची लस कुपीत नव्हती, बाटलीतही नव्हती. ती पोरांच्या दंडावर असायची. हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. एका पोराला देवी टोचली की आठव्या दिवशी त्याच्या दंडावर मोत्यासारखे फोड भरून येत. ते नस्तरानं हलकेच फोडायचे, आतलं पाणी टोकावर घ्यायचं आणि दुसऱ्याला टोचायचं. त्याचे फोड पुढच्या आठवड्यात भरणार, ते तिसऱ्याला. मधे एक आठवडा कोरा गेला की साखळी तुटली. मग दुसऱ्या जिल्ह्यातून पोर आणवा, साहेबांची बोलणी खा. म्हणून आम्हाला दर आठवड्याला एक पोर लागायचं, दंड भरलेलं, गाडीत घालून गावोगाव न्यायला. त्याची आई बरोबर असे. तिला वाटखर्चाला थोडं धान्य मिळायचं.

मी कोकणातला. मराठी चौथीत होतो तेव्हा वडील गेले आणि माझी पाटी कोनाड्यात गेली ती गेलीच. विसाव्या वर्षी मामाच्या ओळखीनं अकोल्याला डॉक्टरसाहेबांकडे चिकटलो. गलबत, मग आगगाडी, मग पुढे बैलगाडीचे किती दिवस, ते आता आठवत नाही. आठवते ती काळजी. साहेबांनी मला तीन आठवडे शिकवलं, हातात नस्तर दिलं आणि चाळीस पानांचं एक मराठी चोपडं दिलं. ते मी पाठ केलं, आणि साहेबांनी मला अमरावतीच्या बाजूला नेमलं. तरी रोज वाटायचं, आज कोणीतरी विचारणार, ‘तुझं शिक्षण किती रे?’ आणि संध्याकाळी मी कोकणच्या वाटेला लागणार. घरी आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या. साहेबांच्या उपकाराची जाणीव मला इतकी होती, की ते समोर आले की माझे हात आपोआप जुळत. अजूनही त्यांची आठवण निघाली की जुळतात.

तेव्हा वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं होतं. समुद्रापलीकडे कुठे लढाई लागली होती आणि तिकडचा कापूस बंद पडला होता, एवढंच आम्हाला ऐकून माहीत. ज्याच्याकडे जमीन होती त्यानं अंगणाच्या कडेपर्यंत कपाशी पेरली. कालपर्यंत मातीच्या भिंती असलेल्या घरांना चुन्याचा गिलावा झाला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लागल्या, त्यांच्या पुढ्यात गूळ घातलेली सरकी पडू लागली. आणि ज्वारी महाग झाली, कारण ज्वारी पेरायला कोणाला सवड होती? ज्यांच्याकडे कापूस होता त्यांनी महाग ज्वारी घेतली. ज्यांच्याकडे नव्हता ते कण्या शिजवू लागले, मग कण्यांत पाणी वाढवू लागले.

हे मला बाजारात कळलं नाही, दंडावर कळलं. माझं कामच ते होतं. दिवसाला चाळीस-पन्नास दंड हातात येत. एका घरचा दंड धरला की बोटं रुतत, वळ्या पडत. दुसऱ्याचा धरला की कातडी चिमटीत गोळा करून घ्यावी लागे, खाली लगेच हाड. एका गावच्या पाटलाचा चार वर्षांचा नातू आणि कापसातली सरकी काढायच्या चरकीवर बसणाऱ्या बाईचा सहा वर्षांचा मुलगा मी एकाच दिवशी टोचले. दोघं शेजारी उभे होते. उंची एक. मी दोघांची वयं उलटी लिहिली आणि नंतर खोडली.

अमरावतीहून भातकुलीच्या वाटेवर एक मोठे पाटील होते. अमरावतीत त्यांची कापसाची वखार होती, तिच्या माळ्यावर त्यांनी मला राहायला जागा दिली होती, भाडं न घेता. आणि त्यांची बायको, पाटलीणबाई, दर महिन्याला मला पायलीभर तांदूळ पाठवायची. वऱ्हाडात भात सणाला. मी परक्या मुलखात ज्वारी चावून रडकुंडीला आलेला, तो तांदूळ आला की त्याच संध्याकाळी चूल पेटवून भात टाकायचो. ती मला ‘कोकन्या’ म्हणायची. “कोकन्या, भात खाऊन खाऊन तुयं रक्तई पांढरं झालं असंन!” असं सगळ्या बायकांसमोर म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायचो. त्या घरासाठी मी काय वाटेल ते केलं असतं, आणि केलं.

पौषात तिवशाकडून देवीची साथ येत असल्याची बातमी आली. पाटलांच्या घरात सहा लेकरं टोचायची राहिली होती. पाटलीणबाईनं मला बोलावलं.

“भाऊ, टोचून घ्याचं आमाले. पण माह्या नातवाईच्या अंगात कोन्या गल्लीतल्या पोराचं पानी नाही घालाचं. आपल्या जातीचं लेकरू पाह्यजे, कुनब्याचं. अन् धडधाकट पाह्यजे.”

अडचण तिथेच होती. खात्यापित्या कुणब्याचं घर लस काढायला आपलं पोर द्यायचं नाही. लोक म्हणत, फोडातलं पाणी काढलं की पोराची ताकद जाते. म्हणजे पोर देणार तो गरीब, आणि गरिबाचं पोर धडधाकट कुठून असणार? मी चार दिवस फिरलो.

शेवटी वखारीच्याच आवारात सापडली. तिथे दोन लाकडी रुळांमधून कापूस ओढून सरकी वेगळी करायच्या हातचरक्या मांडलेल्या होत्या, एकेकीवर दोन बाया. त्यातली एक बाई कुणब्याची होती. पूर्वी त्यांच्याकडे बटईची जमीन होती. मालकानं कपाशीसाठी ती काढून घेतली, नवरा कापसाच्या गाड्यांबरोबर खानदेशाकडे गेला तो आला नव्हता. तिची वर्षाची मुलगी खांबाला बांधलेल्या झोळीत होती. बारीक होती, पण डोळे टकटकीत, कातडी स्वच्छ, एक पुरळ नाही. आई मधे मधे उठून तिला पाजायची आणि पुन्हा चरकीवर बसायची.

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि हात चालू होता.

“दुखते का?”

“थोडं. दोन दिवस ताप येईल. पण मग हिला देवी कधी येणार नाही.”

“अन् ते पाटलाचे लोक जेवू घालतीन हिले?”

“विचारतो.”

“जेवू घालत असतीन तं न्या, दादा,” ती म्हणाली. चरकीवर तिच्या जोडीला बसलेली शेजारची दांडी फिरवत म्हणाली, “अव, मले ने म्हना! मी बी दंड देतो!” आणि आवारभर हशा पिकला.

मी मुलीला पाटलीणबाईकडे दाखवायला नेलं, आई बरोबर. पाटलीणबाईनं मुलीचा दंड दोन बोटांत धरून पाहिला, बाजारात भेंडी पाहतात तसा.

“हे पोट्टी? हिच्या अंगात पानी कुठी हाये, भाऊ? हिच्यातून काय काढशीन तू?”

तिचं तोंड वाकडं झालेलं मी पाहिलं. मला वाटलं, आता ही पाटलांना सांगणार, पाटील साहेबांना सांगणार. मी घाईनं म्हणालो, “आठ दिवस हिला इथेच ठेवा. दूध-तूप घाला. पोर भरलं की लसही भरते.” एवढं ठीक होतं. चोपड्यात लिहिलंच होतं, लस निरोगी आणि पुष्ट मुलाची घ्यावी.

“अन् हे माय? हेई राहीन काय इथी? अंगावर पीते न पोट्टी?”

पाटलीणबाईला ती बाई घरात नको होती, हे तिच्या विचारण्यातच होतं. मी ते ओळखलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आईनं पाजू नये. आई कण्या खाते, तिचं दूध पातळ. पातळ दुधावर लस पातळ येते.”

हे चोपड्यात नव्हतं. साहेबांनी कधी सांगितलं नव्हतं. कुठूनच आलं नव्हतं, माझ्याच डोक्यातून आलं होतं, त्या घडीला. पण मी ते इतक्या ठामपणे म्हणालो की पाटलीणबाई मान हलवून म्हणाली, “पाहा! शिकेल मानूस हाये. मले हेच वाटे, पन मले सांगता नाही ये.”

शिकलेला माणूस! मला कोणी पहिल्यांदाच म्हटलं होतं. आई तिथेच उभी होती. आपल्या दुधाबद्दल काही बोललं जातंय हे तिला कळलं होतं, तिनं पदर पुढे ओढला. आठ दिवसांनी दोन पायल्या ज्वारी द्यायचं ठरलं. त्या आठवड्याला अकोल्याहून आणलेलं पोर आईसकट बरोबरच होतं, त्याच्या दंडावरची लस घेऊन मी तिथेच त्या मुलीला चार ठिकाणी टोचलं, दोन या दंडावर, दोन त्या. मुलगी रडली. आई तिला घ्यायला पुढे झाली, तोवर पाटलीणबाईच्या गड्यानं मुलीला उचलून आत नेलं होतं.

चौथ्या दिवशी बाजार होता. बाजाराच्या दिवशी चरक्या बंद. मी फोड कसे येताहेत ते पाहायला दमणीतून गेलो. दमणी म्हणजे दोघं-तिघं बसतील अशी हलकी बैलगाडी. तिचा गाडीवान अमरावतीचा मुसलमान होता, मला ‘देवीवाले’ म्हणायचा. पाटलांच्या फाटकाशी ती बाई बसली होती. दुपार. पायी आली होती. तिच्या चोळीवर पुढून दोन मोठे ओले डाग होते. छाती दगडासारखी झाली होती, बसताना ती अंग आवळून बसत होती.

“दादा, एक डाव पाजू द्या. नुसतं एक डाव. मले ताप चढून राहिला.”

मी आत गेलो. मुलगी पाटलीणबाईच्या सुनेच्या मांडीवर होती, वाटीतून साखर घातलेलं गाईचं दूध पीत होती. चार दिवसांत तिच्या गालांवर तुकतुकी आली होती. चारही फोड छान धरले होते. पाटलीणबाई म्हणाली, “ते बसली हाये दारात. पाजू देऊ काय? तू सांग बाप्पा, तू शिकेल मानूस.”

ती खरंच विचारत होती. तिच्या मनात तेवढी जागा होती. मी ‘द्या’ म्हटलं असतं तर तिनं दिलं असतं. पण मग त्या दिवशीचं काय? तेव्हा म्हटलं पातळ, आज म्हणतो चालेल? मी म्हणालो, “आता चारच दिवस राहिले. कशाला बिघडवायचं?”

बाहेर येऊन मी बाईला सांगितलं. ती उठली, फाटकाच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसली आणि हातानं दूध पिळायला लागली. मी तोंड फिरवलं, पण आवाज ऐकू येत होता. काळी माती, ती केवढंही पिते. थोड्या वेळानं ती उठून गेली तेव्हा तिथे नुसता एक ओला डाग होता.

दमणी गावाबाहेर पडली. गाडीवान बैलांच्या शेपट्यांकडे बघत म्हणाला, “देवीवाले, एक बात पुसू?”

“पूस.”

“ते अकोल्यावालीचं पोट्टं आपन आनलं होतं. वाटभर मायच्या छातीले लटकून होतं. अन् ते माय बी कन्याच खात होती, माह्यासमोर. मंग त्याची लस कशी जाडी निंगाली?”

मी म्हणालो, “तुला यातलं कळत नाही.”

“नाही कळत, साहेब,” तो म्हणाला. ‘साहेब’ तो मला कधी म्हणत नसे. “म्हनून तं पुसलं.”

तेव्हाच गाडी वळवायला हवी होती. चार दिवस बाकी होते. आज मी हे लिहितो तेव्हा स्वतःला हजार कारणं देतो, ऊन होतं, बैल थकले होते. खरं कारण एकच. परत गेलो असतो तर पाटलीणबाईला सांगावं लागलं असतं की मी शिकलेला नाही.

आठव्या दिवशी लस काढली. चोपड्यात एक नियम ठळक अक्षरात होता. ज्या पोराची लस काढायची त्याचा एक तरी फोड न फोडता ठेवावा, तो त्याच्या स्वतःच्या रक्षणासाठी. सहा लेकरांना तीन फोडांचं पाणी पुरलं असतं. पण अकोल्याहून पाटलीणबाईची बहीण आली होती, आपली तीन लेकरं घेऊन, खास टोचायला. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात टोचू. पाटलीणबाई म्हणाली, “पुढच्या आठवड्यापर्यंत साथ येऊन राहिली, कोकन्या. तिथी एक फोड दिसते न मले? कोनासाठी ठेवला?”

मी सांगितलं, मुलीसाठी.

“अरे, तिले आठ दिवस दूध पाजलं न आमी!”

मी चौथा फोड उघडला.

मुलगी घरी आणली तेव्हा ती आईकडे जाईना. आठ दिवसांत ती सुनेच्या अंगाला लागली होती. मग गेली, छातीला तोंड लावलं, ओढलं, ओढलं, आणि रडायला लागली. आईनं दुसरीकडे लावलं. तिथेही तेच.

“आटलं वाट्टे,” आई म्हणाली, आणि कसंनुसं हसली. “येईन आता. तोंड लागलं का येते.” तिच्या पायाशी दोन पायल्या ज्वारी होती, वर पाटलीणबाईनं दिलेलं लाल झबलं. ती माझ्या पाया पडली. “तुमच्यामुळं पोरीनं साकर घातलेलं दूध पेलं, दादा. माह्या अख्ख्या घरान्यात कोनी नाही पेलं.”

मी तिला उठवलं. मला तिच्या आटलेल्या दुधाची काळजी नव्हती. मला काळजी होती त्या चौथ्या फोडाची. साथ येणार, या मुलीला देवी निघणार, साहेब विचारणार, एक फोड का ठेवला नाहीस? त्या विचारानं माझी झोप उडाली. माघभर मी एक दिवसाआड चरकीच्या आवारात जायचो. मुलीचं अंग उघडं करून पाहायचो, कपाळ, तळवे, पोट, पाठ. पुरळ नाही, ताप नाही. देव पावला म्हणायचो आणि माळ्यावर येऊन पाटलीणबाईच्या तांदळाचा भात करायचो.

मुलगी माझ्या डोळ्यांसमोर वाळत होती. मी दर वेळी तिचे कपडे काढत होतो, घालत होतो, मग मला ते दिसलं कसं नाही? दिसत असणार. पण मी देवी शोधत होतो. जे शोधत होतो ते नव्हतं, म्हणून मला बरं वाटायचं.

दूध आलं नाही. येणार कशातून? आईनं दोन पायल्या ज्वारीतली एक विकून मुलीसाठी गाईचं दूध घेतलं, ते पंधरा दिवस पुरलं. पुढे कुठे मिळेना. ज्यांच्या गाई होत्या ते सगळं तूप करून व्यापाऱ्यांच्या घरी देत, तिकडे भाव होता. मग कण्यांची पेज. मुलीनं साखरेचं दूध चाखलेलं, ती पेज थुंकायची. शेजारची म्हणायची, “पाटलीन झाली व ही! आता हिले चांदीची वाटी आना!” आणि बाया हसायच्या, आईही हसायची. मग पेज जाऊ लागली पण पोटात ठरेना. जुलाब लागले. पोट फुगलं, पाय काड्या झाले, केस तांबूस पडले. डोळे तेवढे होते तसेच टकटकीत, उलट मोठे दिसायला लागले.

फाल्गुनात साथ अमरावतीत आली. पाटलांच्या घरी टोचलेली नऊच्या नऊ लेकरं सुखरूप राहिली, अंगावर एक फोड नाही. पाटलीणबाईनं मला धोतरजोडी दिली. चरकीच्या आवारात ज्यांना टोचलं नव्हतं अशी पोरं गेली. ही मुलगी राहिली. चौथा फोड उघडूनही तिला देवी निघाली नाही. मी मारुतीला नारळ फोडला, हे खोटं कशाला सांगू? फोडला.

डॉक्टरसाहेब व्रण तपासायला आले. टोचलेल्या पोरांचे दंड पाहायचे आणि कामाचा शेरा द्यायचा. त्या शेऱ्यावर माझी कायमची नेमणूक ठरणार होती. पाटलांची लेकरं आधी पाहिली, साहेब खूश झाले. मग ज्या मुलीची ही लस, ती पाहायची म्हणाले. आईनं तिला मांडीवर घेतलं होतं. मान सावरत नव्हती.

साहेबांनी दंड उचलला. कातडी सैल होती, ती ताणून त्यांनी व्रण पाहिले. दोन इकडे, दोन तिकडे, गोल, खोलगट, कडेला रेघा, चोपड्यातल्या चित्रासारखे.

“अच्छा,” साहेब म्हणाले. “बहुत अच्छा काम.” मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. “इसको क्या हुआ?”

मी म्हणालो, “जुलाब, साहेब.”

त्यांनी खडूची पूड असलेली पुडी काढून आईच्या हातात दिली आणि सांगितलं, “इसको दूध पिलाओ. मां का दूध.”

आईला हिंदुस्थानी तेवढं कळायचं. ती एकदा माझ्याकडे पाहून, एकदा साहेबांकडे पाहून, खुदकन हसली. साहेबांना वाटलं ती लाजली. ते पुढच्या पोराकडे वळले. मी तोंड उघडलं असतं तर? साहेबांना सांगितलं असतं की आईचं दूध मी तोडलं, तर? त्यांनी मला तिथेच काढलं असतं. मुलगी तशीही वाचली नसती, हे मी तेव्हा मनाशी म्हटलं. आजही म्हणतो. दोन्ही वेळा ते मला पुरेसं वाटलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. आई चरकीवर होती, मुलगी झोळीत. शेजारचीनं झोळीत वाकून पाहिलं आणि चरकीची दांडी सोडून दिली. मुकादम म्हणाला, “एका बाईनं जा तिच्यासंगं. दोन गेल्या तं चरकी बंद पडते.” एकच गेली. मी मागाहून गेलो. पुरताना आईनं मला विचारलं, “दादा, देवीनं तं नाही गेली न?”

“नाही,” मी म्हणालो. “देवी नव्हती.”

“तेवढं बरं झालं. तोंड चांगलं राह्यलं.” मग माती सारखी करत, “माह्याच अंगात काई नव्हतं, दादा. तुमी तं लय केलं.”

मी तिला सांगितलं नाही. तेव्हा नाही, पुढे कधी नाही.

माझी नेमणूक कायम झाली. बहिणींची लग्नं त्या पगारावर झाली. पाटलांकडची लस किती जोमदार निघाली हे अमरावतीत पसरलं, आणि पुढच्या थंडीत तीन-चार मोठ्या घरांतून निरोप आले, तशीच सोय करा. गरिबाचं पोर आठ दिवस घरी ठेवायचं, दूध-तूप घालायचं, आईनं पाजायचं नाही. एका घरच्या म्हाताऱ्यानं तर मलाच समजावून सांगितलं की आईच्या पातळ दुधानं लस पातळ कशी होते. म्हणाला, हे साहेबांच्या पुस्तकात आहे.

मार्गशीर्षात मी चरकीच्या आवारात पोर बघायला गेलो. माझी वाटच पाहत होत्या. बारा-पंधरा बाया आपापली पोरं घेऊन उठल्या. आठ दिवस दूध, दोन पायल्या ज्वारी, झबलं. मुकादम ओरडत राहिला, कोणी ऐकेना. पुढे सगळ्यांत ती होती, मेलेल्या मुलीची आई. तिच्या हातात शेजारचीचं सहा महिन्यांचं पोरगं.

“हे पाहा दादा, कसं हाये! डोये पाहा याचे. याले न्या.”

“अंगावर पितो?”

“पीते न! भल्लं पीते.”

मी शेजारचीला म्हणालो, “तू बरोबर येशील तर नेतो. आठ दिवस तिथेच राहा, तूच पाज. मी बोलतो त्या घरी.” हे मी वर्षभर मनात घोकलेलं वाक्य होतं.

शेजारची मुकादमाकडे पाहत म्हणाली, “मी आली तं माह्या चरकीवर दुसरी बसते न, दादा. आठ दिवसानं मले कोन घेते?”

“मग नाही नेत.”

“काहून?”

मला खरं सांगता आलं नाही. मी म्हणालो, “याच्या अंगावर खरूज आहे. असं पोर चालत नाही.”

“खरूज?” मेलेल्या मुलीच्या आईनं त्या पोराचा दंड उचलून उजेडात धरला. पदराला थुंकी लावून चोळला, पुन्हा चोळला, कातडी लाल होईपर्यंत. पोर किंचाळायला लागलं. “कुठी हाये? दाखवा मले. हा मळ होता, गेला. पाहा, साफ हाये. हात लावून पाहा!”

मी हात लावला नाही. मागच्या रांगेतलं एक पोर मी बोट दाखवून निवडलं, तीन वर्षांचं, कधीच अंगावरून सुटलेलं. त्याची आई त्याला घेऊन पुढे पळत आली. शेजारची मला शिव्या द्यायला लागली, अस्सल वऱ्हाडी, माझ्या आईपासून सुरुवात करून. त्या मला समजल्या, पण लागल्या नाहीत. मेलेल्या मुलीच्या आईनं शिव्या दिल्या नाहीत. ती ते लाल दंडाचं पोरगं खांद्याला लावून थोपटत माझ्यामागे दमणीपर्यंत आली. गाडीवानानं बैल जुंपले होते. तीन वर्षांचं ते पोर आत बसून पाय हलवत होतं.

“माह्या पोरीले दूध भेटलं होतं, दादा,” ती म्हणाली. “तिच्या पोराले काहून नाही?”